रफ आणि फेअर

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मराठी लेखनाचा दोन क्रेडिटचा पेपर आहे. दोन क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. तेवढ्यात अर्ज, सारांश, इतिवृत्त, निबंध सगळं बसवायचं, आणि वर्गात मुलं ऐंशीच्या आसपास. म्हणून पहिल्याच तासाला मी एक पानी नियमपत्रक वाटते. ७५ टक्के हजेरी ही विद्यापीठाची अट. बाकीचं सगळं माझं: काम एक दिवस उशिरा आलं तर एक गुण कमी, आठवड्यानंतर घेणार नाही, ‘दादाचं लग्न होतं’ हे कारण आधी सांगितलं तर चालेल, नंतर नाही.

नकलेबद्दलचा नियमही मलाच करावा लागला. लोकांना वाटतं त्यासाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम आहेत. आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द अशा पायऱ्याही आहेत. पण ते प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी. वर्गातलं गृहकार्य, निबंध, उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. एफवायच्या पोरानं मोबाईलवरून निबंध उतरवला तर काय करायचं हे शिक्षकानंच ठरवायचं. मी ठरवलं की फेअरसोबत रफ जोडायचं. खाडाखोड, बाण, समासातल्या भरी, सगळं दिसलं पाहिजे. रफला दहापैकी तीन गुण. आणि रफमधल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावणार नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (१४ सन १९६२चे, चार १९७२ला वाढवलेले) फक्त फेअरला लागू.

पहिलं मोठं काम होतं ‘आमच्या घरचा कामधंदा’. तीनशे शब्द. गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये बसले तेव्हा सुरुवातीला खूश होते. खाडाखोडच खाडाखोड. मग दहाबारा रफ झाल्यावर काहीतरी खुपायला लागलं. खाडाखोड फार शिस्तीत होती. दर चौथ्या-पाचव्या ओळीला एक काट. माणूस लिहिताना असा अडखळत नाही. एका जागी पाच वेळा अडतो आणि मग पानभर सुसाट जातो.

त्यातल्या एका मुलाचं पान घ्या. न खोडलेल्या मजकुरात ‘आणि’ प्रत्येक वेळी ऱ्हस्व, ‘माहिती’ बरोबर, ‘ग्रामीण’ बरोबर. खोडलेल्या तुकड्यांत मात्र ‘आणी’, ‘माहीती’, ‘पाणि’. एकाच पानावर दोन माणसं लिहीत होती. शेवटच्या पानाखाली तर फेअरमधलं ‘(शब्दसंख्या : ३०२)’ रफमध्येही उतरलं होतं. म्हणजे फेअर आधी झालं, मोबाईलला विचारून, आणि त्यावरून नंतर रफ ‘तयार’ केलं. तीन गुणांसाठी एवढी मेहनत! निबंध लिहायला याहून कमी लागली असती.

खोटं रफ म्हणून बाजूला ठेवणारच होते, पण चूक शोधायच्या नादात त्या काटलेल्या ओळी वाचल्या. एकेरी रेघ होती, खालचं सगळं वाचता येत होतं. याच्या घरी पिठाची गिरणी. फेअर सुरू होतं ‘पिठाची गिरणी हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अविभाज्य घटक आहे’ असं, आणि पुढे स्वयंरोजगार, महिला सक्षमीकरण वगैरे. खोडलेल्या ओळी अशा:

‘बाजरीवर गहू टाकला की बाया भांडायला येतात.’

‘उपासाचं दळण सकाळी गिरणी झाडून पहिलं, मग बाकीचं. मिरची सगळ्यात शेवट आणी त्या दिवशी आई कुणाशी बोलत नाही.’

‘लाइट गेली की अर्ध दळण पाटात रहातं. डबा कुणाचा ते आईला झाकणावरून कळतं नाव लिहायची गरज नाही.’

मी त्या ओळी शेजारच्या सरांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, “छान आहे. शून्य द्या.” पत्रकात तसंच लिहिलेलं होतं: दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिला तर शून्य, आणि त्याच विषयावर माझ्यासमोर बसून पुन्हा लिहायची एक संधी.

दुपारी मुलाला बोलावलं. आल्याआल्या म्हणाला, “मॅडम, रफ मीच लिहिलंय. अक्षर बघा.”

“अक्षर तुझंच आहे. मोबाईलवरून उतरवलंस ना?”

गप्प. मग मान हलली.

“आणि या खोडलेल्या ओळी? त्यापण मोबाईलनं दिल्या?”

“नाही, त्या अशाच. खोडायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून मनानं लिहिल्या.”

खोडायचंच होतं म्हणून! बारावीपर्यंत ‘निबंधाची सुरुवात सुविचाराने करावी’ हे ऐकलेल्या मुलाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची? शून्य मांडलं आणि त्याला सांगितलं, पुन्हा लिहायचं ते याच ओळींवरून. त्याला ती शिक्षेतली शिक्षा वाटली. “मॅडम, बाया भांडतात हे कॉलेजच्या पेपरात लिहायचं?” मी म्हटलं, का भांडतात ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे; ज्याच्या घरी पाकिटातलं पीठ येतं त्याला बाजरीवरचा गहू म्हणजे काय ते माहीत नसतं. त्यावर त्यानं मला पाच मिनिटं समजावून दिलं: गिरणीत आधीच्या धान्याचं थोडं पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात पडतं, म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी अशी डब्यांची रांग लावावी लागते, आणि रांग मोडून कुणाचं आधी घेतलं की मग दुसरं भांडण. मी म्हटलं, बस आणि हेच लिही.

विभागप्रमुखांना हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि रास्त होता. घरून आणलेल्या रफवर भरवसा नाही, मग प्रत्येक निबंधाचं रफ तासातच लिहून घ्यायचं, तर ३० तासांतले किती त्यात जाणार? मी हिशेब केला, सहा तरी जातात. तरीही पुढच्या सत्राच्या पत्रकात बदल केला. रफ वर्गातच, मोबाईल टेबलावर जमा, खोडायचं ते एका रेघेनं. रफचे गुण तीनावरून पाच. इतिवृत्तलेखन चार तासांवरून दोनावर आलं आणि त्याबद्दल बैठकीत मला ऐकून घ्यावं लागलं.

मुलाला दुसऱ्या खेपेला सहा गुण मिळाले. वेळ संपत आली तसा निबंध मिरचीपाशीच तुटला, आणि ‘आणी’चे दोन गुण गेले ते गेलेच. सातवा का नाही म्हणून तो भांडायला आला होता.