चार पाऊण तीन: चोडण, दिवाडी आणि नार्वे

माझी आत्या डिचोलीला दिली. त्यामुळे आमच्यासाठी गोवा म्हणजे कळंगुट-बागा कधी नव्हताच. गोवा म्हणजे आत्याचं अंगण आणि मांडवी नदी. तरी मांडवीतली बेटं बघायची इतकी वर्षं राहूनच गेली होती. या डिसेंबरात ती बघितली. आतेभावाची स्कूटर, मी आणि नवरा. डिचोलीहून मये, तिथून पुलावरून चोडण, फेरीबोटीने रायबंदर, मग जुने गोवे, पुन्हा फेरीने दिवाडी, तिसऱ्या फेरीने नार्वे आणि परत डिचोली. अंतर फार नाही, पण वेळ तुमच्या हातात नाही, नदीच्या हातात आहे. हे आम्हाला निघायच्या आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही.

त्या दिवशी संकष्टी. आत्या उपासाचे शेंगदाणे भाजत होती. म्हणाली, "चोडणात होडीत बसायचंय ना? मग आज नको जाऊ बये. आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे नवाला ओहोटी. तुम्ही पोचेपर्यंत नुसता चिखल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशोब. थोडं इकडेतिकडे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला पुरतं. रोज भरती साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि दिवसातून दोनदा येते. पाढा येत नसेल तर मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघा, पण बघाच.

सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या पश्चिम टोकाला, फेरीच्या धक्क्याजवळच आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. आम्ही नऊला पोचलो आणि आत्या जिंकली. तिकीट निघालं, होडी नाही. खाडीचे फाटे रिकामे पडलेले, होड्या चिखलात कलंडलेल्या. नवरा थोडा वैतागला. मी म्हटलं, आलोच आहोत तर पायवाटेने आत जाऊन येऊ.

आणि सांगते, ओहोटीला या पायवाटेवर उभं राहण्यासारखं सुख नाही. कांदळवनाची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. आधी वाटतं, काहीच हलत नाही. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की सगळा चिखलच हलायला लागतो. निवट्या दिसल्या. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून सरपटतो. एक निवटी मुळावर चढून बसली, दुसरी पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडून तिच्या अंगावर धावली आणि दोघी टुणकन डबक्यात. बाजूला छोटे खेकडे एकच मोठा नांगा वरखाली करत होते, लांबून कुणी तरी बोलावतंय असं वाटावं. खंड्या दोन प्रकारचे बघितले, बगळे तर मोजलेच नाहीत. नवऱ्याचा वैताग कुठे गेला कळलंच नाही.

तेव्हा होडी हवी असेल तर सकाळी सात-साडेसातला भरती असेल तो दिवस धरा. निवट्या बघायच्या असतील तर आमच्यासारखं बरोबर उलटं करा. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. ऑक्टोबर ते मार्च बरा, कारण पाहुणे पक्षी असतात. डासांचं मलम न्या आणि भडक कपडे घालू नका. दुर्बीण नसेल तर मागून न्या, माझ्याकडे नव्हती आणि मी चुकले.

चोडण ते रायबंदर फेरी काही मिनिटांची. दुचाकीचं बरं असतं, पुढे घुसता येतं. गाड्यांची रांग सुट्टीच्या दिवशी लांबते. गोल मारायचा असेल तर दुचाकीच घ्या. सुटे पैसे खिशात ठेवा.

जुन्या गोव्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलेलं असतं. बाँ जेझूचं बासिलिका १६०५ मधलं, बाहेरून प्लास्टर नसलेला लाल जांभा. एवढ्या गर्दीत जीव नको होतो, म्हणून आम्ही टेकडीवर संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याकडे गेलो. ४६ मीटर उंच, अर्धा ढासळलेला, आणि आजूबाजूला कुणी नाही. मला बासिलिकापेक्षा हाच आवडला. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या आसपास इकडे येऊच नका, पाय ठेवायला जागा नसते. धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावं लागतं. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय असताना त्याने पणजोबांसाठी ती उभारली.

दिवाडीचा धक्का सोडला की रस्ता सरळ खाजनातून जातो. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून राखलेली शेतं. आम्ही दोनच्या सुमाराला तिथे होतो, म्हणजे भरती चढत होती. बांधाला एक मानस दिसली, म्हणून स्कूटर थांबवली. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. बाहेरचं खारं पाणी आतल्या पाण्यापेक्षा चांगलं हातभर वर आलेलं, आणि त्याच पाण्याच्या दाबाने दार घट्ट बंद. फटींतून बारीक धारा आत येत होत्या, बस. ओहोटी लागली की आतलं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि दार आपोआप उघडतं. ना मोटर, ना माणूस. तोंडाशी जाळं लावलेलं होतं, बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर येणारी मासळी त्यात अडकते. नवरा सिंचन खात्यात आहे. तो वीस मिनिटं तिथून हलला नाही.

बांधावरून चाला, पण पाण्यात पाय सोडून बसू नका. जवळच्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. काही खाजन गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात, त्याला 'मांगे थापणी' म्हणतात. तेव्हा मगरीची गोष्ट थट्टेवारी नेऊ नका.

यानंतर आमचं चाक बसलं. स्कूटर ढकलत बेटावरच्या पिएदाद गावापर्यंत आलो तर पंक्चरवाला जेवून झोपलेला. चार वाजता उघडेल, असं शेजारच्या बाईंनी हसत सांगितलं. दुपारी दीड ते चार बेट झोपतं हे गृहीत धरा. जेवण, पंक्चर, पाण्याची बाटली, सगळं त्याआधी उरका. आत्याने शिऱ्याचा डबा दिला होता म्हणून निभावलं. तोवर टेकडीवरच्या चर्चला जाऊन आलो. वरून मांडवीचे दोन्ही फाटे आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं दिसतात. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्यात मान वर करून छत बघा. कोरीव दगड कदंबांच्या, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याच्या काळातल्या देवळाचा आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां असतो, झेंड्यांचा उत्सव. बघायचा असेल तर सकाळीच या, फेरीवर झुंबड उडते.

शेवटचा टप्पा नार्वे, आणि खरं तर याच टप्प्यासाठी आम्ही हा गोल धरला होता. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीवरचं. त्यांच्या नाण्यांवरसुद्धा याच देवाचं नाव. बहामनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. तेव्हा लिंग नदी ओलांडून पलीकडे डिचोली महालात नेलं. काठावरच्या दोन्ही गावांना नाव एकच, नार्वे. देव गेला तो गावाचं नावही घेऊन गेला.

आम्ही साडेपाचच्या सुमाराला दिवाडीच्या बाजूने फेरीत चढलो. पलीकडे जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नवऱ्याचा चहाही संपला नाही. रात्री, लपूनछपून, लिंग घेऊन ओलांडायला हेच पात्र किती रुंद वाटलं असेल, असं मनात आलं खरं.

देऊळ रस्त्यापासून आत, झाडीत आहे. उतरतं कौलारू छप्पर, बुटका घुमट, समोर दीपमाळ. भव्य काही नाही, म्हणूनच जास्त आवडलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी याचा जीर्णोद्धार करवला. दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, 'श्री शिवराज्ञा'. अलीकडेच राज्याच्या पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आतलं लिंग गुळगुळीत गोल नाही, धारांचं आहे, पुजाऱ्यांना विचारलंत तर नीट दाखवतात. अंधार पडायच्या आत जा, नाहीतर शिलालेख वाचता येत नाही. आम्ही मोबाईलच्या उजेडात वाचला.

उलट्या दिशेने, म्हणजे नार्वे ते चोडण, हाच गोल निघतो. पण मग देवाची वाट उलटी होते. शेवटच्या फेरीची वेळ मात्र चढतानाच विचारून ठेवा, ती चुकली तर मोठा वळसा पडतो.

घरी आलो तेव्हा चंद्रोदयाला अवकाश होता आणि आत्या ओटीवर बसली होती. चपला बघून म्हणाली, "चिखलच बघून आलात ना?" मग बोटं मोडत, "दशमीला ये. दहा पाऊण साडेसात. होडी नक्की मिळेल."

दशमीला सहा दिवस होते. आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची.