माँ ब्लाँच्या वाटेवर हरवलेला पासपोर्ट आणि वकिलातीची खिडकी

माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची पायवाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते आणि तिच्यावरचा एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास भरतो. ती चालायला काय तयारी लागते हे इथे सांगत बसत नाही. जो तिथे जायला निघतो त्याला आपल्या गुडघ्यांची आणि पाठीवरच्या सॅकच्या वजनाची कल्पना असते, असे मी धरून चालते. पहिले सहा दिवस हवा चांगली होती, मुक्काम चांगले झाले आणि त्या टप्प्यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला लिहायचे आहे ते पुढच्या पाच दिवसांविषयी, कारण ते मी डोंगरात नव्हे तर रांगेत काढले, आणि त्या रांगेविषयी मला आधी जे जे सांगण्यात आले होते त्यातले जवळजवळ सगळे चुकीचे निघाले.

इटलीच्या बाजूला मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्ट दाखवावा लागतो, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे कळवणे तिथल्या निवासचालकांवर बंधनकारक आहे. तसा तो मी सहाव्या संध्याकाळी दाखवला. सातव्या दिवशी पावसात ग्राँ कोल फेरे ही २,५३७ मीटर उंचीची खिंड ओलांडली. या खिंडीत दोन देशांची सीमा आहे, पण तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे पायी जाणाऱ्याला तिथे सहसा कोणी विचारत नाही. ही सोय वाटते, परंतु तिचा तोटा असा की, पासपोर्ट गेला आहे हे कळायला दिवसचा दिवस लागतो. मला ते खाली ला फूली गावात, ओली सॅक रिकामी करताना कळले.

इथे मी पहिली चूक केली आणि ती पुढच्या प्रवाशाने करू नये म्हणून सविस्तर सांगते. मी घाबरून दुसऱ्याच सकाळी पोलिसांत जाऊन नोंद केली आणि त्याच दिवशी आपल्या देशाच्या वकिलातीलाही ईमेलने कळवून टाकले. दोन दिवसांनी आदल्या मुक्कामावरून फोन आला की, पासपोर्ट कपडे वाळवण्याच्या खोलीत बाकाखाली सापडला आहे. तो आता मला काहीच उपयोगाचा नव्हता. एकदा गहाळ म्हणून जाहीर झालेला पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या व चोरीच्या प्रवासी कागदपत्रांच्या संग्रहात जाऊ शकतो. २००२ पासून चालू असलेला हा संग्रह सदस्य देशांचे सीमा अधिकारी तपासू शकतात, त्यामुळे सापडलेला पासपोर्ट घेऊन विमानतळावर जाणारा माणूस स्वतःच्याच नावाने अडकतो. चोरी झाली असेल तर एक तासही थांबू नये, हे खरेच आहे. पण पासपोर्ट केवळ दिसत नसेल तर आधी मागच्या दोन मुक्कामांना, बसथांब्यावरच्या कार्यालयाला आणि सोबत चाललेल्या लोकांना फोन करावेत, एक रात्र जाऊ द्यावी आणि मगच नोंद करावी. कोणत्याही सरकारी पत्रकात हा सल्ला नसेल. मी तो पाच दिवस गमावून देत आहे.

पोलिसांकडे अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो हा की, वस्तू चोरीला गेली की गहाळ झाली. उत्तर खरे द्यावे, आणि नोंदीच्या प्रतीवर आपले नाव पासपोर्टवर होते त्याच अक्षरांत आहे की नाही हे तिथेच उभे राहून तपासावे. माझ्या प्रतीवर एक अक्षर कमी होते आणि ते दुरुस्त करून घेण्यात अर्धा दिवस गेला.

आता दिशाभुलीविषयी. पायवाटेवरचे मुक्काम ज्या दलालामार्फत नोंदवले होते त्याने फोनवर छातीठोकपणे सांगितले की, तीन देशांपैकी कोणत्याही देशात जा, जवळच्या शहरात आपला वाणिज्यदूत, म्हणजे परदेशात आपल्या नागरिकांची कामे पाहणारा देशाचा प्रतिनिधी, आहे, तो दुसऱ्या दिवशी नवा पासपोर्ट देईल आणि तिकिटाचेही तोच बघेल. मी त्या शहरात गेले. शहराचे आणि देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे पाटी होती, झेंडा होता, आणि आत एक सभ्य व्यावसायिक गृहस्थ होते, जे मानद वाणिज्यदूत होते. मानद वाणिज्यदूत हा बहुधा त्याच शहरात राहणारा, आपला व्यवसाय सांभाळून हे काम करणारा माणूस असतो, आणि त्याला कोणते अधिकार द्यायचे हे नेमणारा देश ठरवतो. बहुतेकांना पासपोर्ट देण्याचा अधिकार नसतो. हे गृहस्थ एखादी प्रत साक्षांकित करू शकत होते, योग्य कार्यालयाचा पत्ता देऊ शकत होते, आणि दोन्ही त्यांनी केले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु संपूर्ण शुक्रवार त्यात गेला, आणि शुक्रवार गेला की सोमवार उजाडेपर्यंत काही होत नाही, ही गोष्ट त्या दलालाला ठाऊक असायला हवी होती. म्हणून रेल्वेत बसण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत दोन गोष्टी पाहाव्यात : कार्यालय मानद आहे की पूर्ण वेळ, आणि आपण जिथे आहोत तो प्रदेश त्याच्या कार्यक्षेत्रात येतो की नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सुट्ट्या. अशी कार्यालये बहुधा स्वदेशाच्या काही आणि यजमान देशाच्या काही, अशा दोन्हीकडच्या सुट्ट्या पाळतात आणि त्यांच्या खिडक्या पुष्कळदा फक्त सकाळीच उघड्या असतात.

शनिवारी मी वकिलातीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले की कोणी मृत, अटकेत, रुग्णालयात किंवा बेपत्ता आहे काय, आणि विमान केव्हाचे आहे. विमान बुधवारचे होते. त्यावर त्यांनी सोमवारी नऊ वाजता यायला सांगितले. त्या क्षणी मला फार राग आला; आज मागे पाहता ते बरोबरच होते असे वाटते, कारण तो क्रमांक मुळात माझ्यासारख्यासाठी नव्हता.

सोमवारची ती रांग म्हणजे या सगळ्या प्रवासातला सर्वांत वाईट टप्पा, आणि मी खिंडीतला पाऊस त्यात धरूनच म्हणते. अडचण कार्यालयाच्या आत नव्हती, दारात होती. युरोपातल्या यंत्रांतून निघणारे छायाचित्र ३५ × ४५ मिलिमीटरचे असते. माझ्या अर्जाला ५१ मिलिमीटरचे चौरस छायाचित्र लागत होते, जसे अमेरिकी पासपोर्टलाही लागते. हे खिडकीपाशी पोहोचल्यावर कळते. मग रांगेतून बाहेर पडावे लागते, आणि समोरच्याच गल्लीत एक दुकान असते जिथे ते छायाचित्र काढतात, अर्ज भरून देतात, प्रती काढतात आणि या सगळ्याचे मिळून अर्जाच्या अधिकृत शुल्काच्या जवळजवळ तिप्पट पैसे घेतात. छायाचित्रापुरते पैसे घ्या म्हटले तर नुसते छायाचित्र ते देत नाहीत. मी दिले, कारण खिडकी बंद व्हायला चाळीस मिनिटे उरली होती. वाणिज्य दूतावासाने सेवेचे शुल्क घेणे नियमाला धरून आहे, वाणिज्यदूतांच्या कामाचे नियम ठरवणाऱ्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३९व्या कलमात त्याची स्पष्ट मुभा आहे, आणि त्या शुल्काची पावती मिळते. त्या दुकानाने पावती दिली नाही. माझे मत सरळ आहे : ही लूट आहे, आणि ती टाळण्याचा एकच उपाय म्हणजे आपल्या देशाला लागणाऱ्या आकाराची चार छायाचित्रे घरूनच न्यावीत आणि ती पासपोर्टच्या कप्प्यात ठेवू नयेत.

खिडकीच्या आत मात्र काम नीट झाले. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची छायांकित प्रत, पोलिसांची नोंद, तिकीट आणि छायाचित्रे एवढे दिल्यावर मला दोन पर्याय सांगण्यात आले. नवा पूर्ण पासपोर्ट हवा असेल तर मायदेशातून पडताळणी होईपर्यंत थांबावे लागेल, आणि ती किती दिवसांत होईल याची हमी कोणी देणार नाही. किंवा मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन कागदपत्र लगेच मिळेल. या कागदपत्राचे स्वरूप देशागणिक बदलते. भारताचे इमर्जन्सी सर्टिफिकेट केवळ भारतात परतण्यासाठी, एकेरी प्रवासासाठी असते. ब्रिटनचे कागदपत्र आधी सांगितलेल्या मार्गापुरते चालते. अमेरिका कमी मुदतीचा पासपोर्ट देते. मी आपत्कालीन कागदपत्र घेतले. ज्याची सुट्टी दोन आठवड्यांहून कमी उरली आहे त्याने दुसरा विचारही करू नये. उरलेली पायवाट पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

परंतु हे कागदपत्र हातात आले म्हणजे सुटलो असे नाही, आणि ही गोष्ट मला कोणीही आपण होऊन सांगितली नाही. माझे विमान वाटेत तिसऱ्या देशात बदलायचे होते. विमान कंपनी प्रवाशाला चढू द्यायचे की नाही हे त्या तिसऱ्या देशाच्या नियमांवरून ठरवते, आणि आपत्कालीन कागदपत्रावर तिथून पुढे जाता येईल की नाही हे वकिलातीने नव्हे, कंपनीने तपासायचे असते. माझ्या बाबतीत उत्तर नकारार्थी आले, आणि थेट विमानाचे नवे तिकीट काढावे लागले. म्हणून हे कागदपत्र घेण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे आणि मार्ग बदलायचा असल्यास तो अर्जातच लिहावा. शेंगेनचा व्हिसाही हरवलेल्या पासपोर्टमध्येच असतो. बाहेर पडताना मला पोलिसांची नोंद आणि व्हिसाची प्रत दोन्ही दाखवावी लागली.

रांगेत उभे असताना लोक खिडकीशी कशासाठी भांडतात ते ऐकायला मिळाले, आणि त्यावरून गैरसमज किती खोलवर आहेत हे कळले. एकाला हॉटेलचे बिल कार्यालयाने भरावे असे वाटत होते. एका मुलीचा भाऊ कोठडीत होता आणि त्याला सोडवून आणा असे ती म्हणत होती. वाणिज्यदूत बिल भरत नाही, गुन्ह्याचा तपास करत नाही, न्यायालयात वकिली करत नाही आणि स्थानिक कायद्यातून कोणाला मोकळे करू शकत नाही; व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाच्या कायद्यांचा मान राखणे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात न पडणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र त्या मुलीला एक गोष्ट मिळू शकत होती आणि ती तिला माहीत नव्हती. त्याच कराराच्या ३६व्या कलमाप्रमाणे अटक झालेल्या परदेशी व्यक्तीला वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा तिचा हक्क विलंब न लावता सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि तिने मागणी केल्यास त्यांनी कार्यालयाला कळवले पाहिजे. दूत मग भेटायला जाऊ शकतो, घरच्यांशी संपर्क करून देऊ शकतो आणि वकील मिळवून देण्यास मदत करू शकतो. हे कलम नुसते कागदावर नाही : ते पाळले नाही म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००१ मध्ये लाग्राँ प्रकरणात आणि २००४ मध्ये अवेना प्रकरणात अमेरिकेविरुद्ध, तर २०१९ मध्ये कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानविरुद्ध निकाल दिला. पण भावाने स्वतः मागणी करायला हवी. 'माझ्या वकिलातीला कळवा' एवढे वाक्य स्थानिक भाषेत पाठ असावे असे माझे स्पष्ट मत आहे. पायवाटेवरच्या खुणांइतकेच ते उपयोगाचे आहे.

दुहेरी नागरिकत्व असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ज्या देशाचे आपणही नागरिक आहोत त्याच देशात अडचण आली तर दुसऱ्या देशाची वकिलात बहुधा फार काही करू शकत नाही. जे परदेशात दीर्घकाळ राहतात त्यांनी आपल्या कार्यालयात नावनोंदणी करून ठेवावी. भूकंप, युद्ध किंवा बंड झाल्यास कोणाला शोधायचे हे त्या यादीवरूनच ठरते. डोंगरात पाय मोडल्यास हेलिकॉप्टरचा खर्च वकिलात देत नाही, तो विम्यातून निघतो, आणि विम्याच्या पत्रकात बचावकार्य स्वतंत्रपणे लिहिलेले आहे की नाही हे निघण्यापूर्वी वाचावे.

बुधवारी मी परतले. विमानतळावर उतरल्यावर आपत्कालीन कागदपत्र अधिकाऱ्यांनी ठेवून घेतले, कारण ते परत करायचेच असते. दोन आठवड्यांनी विमा कंपनीने थेट तिकिटाचे पैसे देण्यासाठी नेमकी त्याचीच प्रत मागितली. ती माझ्याकडे होती, कारण विमानाची वाट पाहताना कंटाळून मी त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र फोनमध्ये काढले होते. छायाचित्रांच्या दुकानाचे पैसे मात्र पावतीअभावी नामंजूर झाले.