तुम्ही विचारलंत म्हणून : नखाएवढ्या कार्डात एवढे मावते कसे?

देवगडातील माझ्या दुकानात कलमांच्या बागेसाठी कॅमेरा घ्यायला येणारे बागायतदार मेमरी कार्ड हातात घेऊन हटकून विचारतात, की एवढ्याशा तुकड्यात आठवड्याचे चित्रण मावते कसे, आणि तेच कार्ड आंब्याच्या ऐन हंगामात दगा का देते? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे मांडलेली नँड फ्लॅश स्मृती आजही आपल्या कार्डांत असते. तिच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यात, चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली एक जागा असते. तेथे कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज गेल्यावरही तसेच राहतात, आणि ते किती आहेत यावरून माहिती वाचली जाते.

पुढची पंचवीसएक वर्षे ही पेशी लहान लहान करीत नेणे हाच उद्योग होता. तिची मापे १५ नॅनोमीटरच्या आसपास आली, तेव्हा मात्र एका पेशीतील विद्युतभाराचा उपद्रव शेजारच्या पेशीला होऊ लागला, आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन इतके थोडे उरले की त्यांतले मोजके निसटले तरी वाचन चुकावे. म्हणून २०१३ साली सॅमसंगने २४ थरांची चिप बाजारात आणली. तिच्यात पेशी उलट थोड्या मोठ्या केल्या आणि एकीवर एक रचल्या. गंमत अशी, की प्रत्येक थर वेगळा कोरीत बसत नाहीत; आधी सगळे थर चढवतात, मग त्यांतून आरपार अतिशय अरुंद आणि खोल छिद्रे पाडतात, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर एकदमच सगळ्या मजल्यांच्या पेशी तयार होतात. २०२२ पर्यंत थर २३० च्या पुढे गेले. खरे कसब मला या छिद्रांतच दिसते.

दुसरी युक्ती जागा वाचवते, पण आयुष्य खाते. पूर्वी एका पेशीत एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी एकच नोंद, ठेवीत. आता तीन किंवा चार ठेवतात. चार बिटांसाठी भाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. कळशीत पाणी आहे की नाही हे अंधारातही हाताला कळते, पण ते सोळांपैकी कोणत्या खुणेपर्यंत आहे हे सांगायचे, तर थेंबभर गळतीही चालत नाही. त्यात प्रत्येक वेळी लिहिताना आणि पुसताना इलेक्ट्रॉन त्या रोधक थरातूनच ये-जा करतात आणि तो झिजतो. एका बिटाची पेशी सुमारे लाखभर वेळा लिहिता येते; तीन बिटांची हजार ते तीन हजार वेळा. उष्णतेने भार अधिक लवकर गळतो, आणि पत्र्याखाली टांगलेल्या कॅमेऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल ते सांगायला नको.

फोटो साठवण्यासाठी साधे कार्ड खुशाल घ्यावे. रात्रंदिवस जुने पुसून नवे लिहिणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मात्र पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलेच मागावे, आणि ६४ जीबी पुरत असले तरी १२८ जीबीचे घ्यावे, कारण तेवढ्याच चित्रणात तेथे प्रत्येक पेशीची पाळी निम्म्याच वेळा येते.