शब्दमुळांची वही: ‘पाहणे’ झाले, ‘पाय’ सुरू

मंडळी, मागच्या नोंदीनंतर इंग्रजी शब्दांच्या मुळांच्या माझ्या वहीत एक मोठे घराणे, म्हणजे एकाच मुळातून आलेल्या शब्दांचा गट, पूर्ण झाले आणि दुसरे निम्मे भरले. पद्धत बदलली आहे, ती आधी सांगते. पूर्वी उपसर्ग, मुळे आणि प्रत्यय यांच्या याद्या पाठ करायचे. आता एका मुळाला एक अख्खे पान देते. मधोमध लॅटिन किंवा ग्रीक मूळ, डावीकडे संस्कृतातला भाऊबंद असेल तर तो आणि उजवीकडे इंग्रजी शब्द. प्रत्येक शब्दाखाली तो वाचनात जिथे भेटला ते वाक्य. वाक्य सापडेपर्यंत शब्द पेन्सिलीनेच लिहिलेला राहतो, शाईने गिरवायचा नाही. पान सावकाश भरते, पण भरले की डोक्यातून जात नाही.

पूर्ण झालेले घराणे म्हणजे लॅटिन ‘स्पेकेरे’, म्हणजे पाहणे. संस्कृतातला ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ याच कुळातले, आणि इंग्रजी ‘स्पाय’सुद्धा. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणे, सस्पेक्ट म्हणजे खालून, आडून पाहणे, डिस्पाइज म्हणजे वरून खाली पाहणे, म्हणजेच तुच्छ लेखणे. सर्कम्स्पेक्ट माणूस चहूकडे पाहून पाऊल टाकतो. पर्स्पिक्युअस आणि पर्स्पिकेशस ही जोडी पुष्कळांना छळते. दोन्हींत ‘आरपार पाहणे’ आहेच, पण पहिला शब्द लिखाणाला लावायचा, ज्यातून अर्थ स्वच्छ दिसतो, आणि दुसरा माणसाला, ज्याला खोलवरचे दिसते. एवढे धरून ठेवले की गोंधळ होत नाही.

या पानावरचा माझा सर्वांत लाडका शब्द ऑस्पिशस. लॅटिन ‘आविस’ म्हणजे पक्षी. रोममध्ये पक्ष्यांचे उडणे पाहून कौल सांगणारे अधिकृत लोक असत, त्या पक्षीनिरीक्षणातून ‘शुभ’ हा अर्थ आला. आता आपला ‘शकुन’ घ्या. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षी, मग त्याच्यावरून कळणारी शुभाशुभाची खूण. पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून शकुंतला. शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पण चाल अगदी सारखी. अशी जागा सापडली की मी बराच वेळ त्याच पानावर रेंगाळते.

ग्रीकमध्ये याच मुळातल्या ‘प’ आणि ‘क’ यांनी जागा बदलल्या आणि ‘स्कोप’ तयार झाला. त्यातून टेलिस्कोप, मायक्रोस्कोप आणि स्केप्टिक आले. बिशपही त्यातलाच. मूळ ‘एपिस्कोपोस’, म्हणजे वरून देखरेख करणारा.

दुसरे घराणे ‘पाय’. इथे 1822 साली जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने मांडलेला ध्वनिनियम फार उपयोगी पडतोय. लॅटिन-संस्कृतातला ‘प’ अस्सल इंग्रजी शब्दांत ‘फ’ होतो, ‘त’चा ‘थ’ होतो, ‘द’चा ‘ट’, ‘क’चा ‘ह’. म्हणून पद, लॅटिन ‘पेदिस’ आणि फूट. पितृ, ‘पातेर’ आणि फादर. पूर्ण, ‘प्लेनुस’ आणि फुल. तनु, ‘तेनुइस’ आणि थिन. दंत, ‘देंतिस’ आणि टूथ. इंग्रजीने घरचा शब्दही ठेवला आणि लॅटिनचाही उचलला, म्हणून फूट आणि पेडल, थिन आणि टेन्युअस, टूथ आणि डेंटिस्ट एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदतात. संस्कृत शब्द मराठीतून आपल्या ओळखीचे असल्यामुळे तिसरा कोपरा आपल्याला आयता मिळतो. तो वाया घालवू नका.

‘पेदिस’च्या पानावर इम्पीड आणि एक्स्पिडाइट समोरासमोर लिहिले आहेत. इम्पीड म्हणजे पाय अडकवणे, एक्स्पिडाइट म्हणजे पाय मोकळे करणे. ‘कामात खोडा घालणे’ हा आपला वाक्प्रचार इम्पीडला तंतोतंत बसतो, कारण खोडा हाही कैद्याच्या पायात अडकवायचा लाकडी ओंडकाच. इम्पेडिमेंटा हे सैन्याच्या सामानसुमानाचे नाव होते, चाल मंदावणारे ओझे. एक्स्पिडिशन, पेडेस्ट्रियन आणि पेडेस्टल शाईने गिरवून झाले.

आता सावधगिरीचे थोडे. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर नाते जोडू नये. ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, रूपही जवळचे, तरी कुळे वेगळी. नियम लावून पाहा: इंग्रजी ‘ह’समोर लॅटिनमध्ये ‘क’ हवा, म्हणून हॅवचा खरा नातेवाईक ‘कापेरे’, पकडणे, ज्यातून कॅप्टिव्ह आणि अ‍ॅक्सेप्ट आले. चटकदार कथांनाही माझ्या वहीत जागा नाही. ‘न्यूज’ हा चार दिशांच्या आद्याक्षरांतून बनलेला नाही, तो ‘न्यू’चाच. ‘सॅलरी’त मिठाचा लॅटिन शब्द आहे हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे याला प्राचीन पुरावा नाही. आणि मूळ कळले म्हणून आजचा अर्थ कळला असेही नाही. ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ ‘अजाण’, त्यावरून आजचा वापर ओळखणे अशक्यच. म्हणूनच वाचनातल्या वाक्याचा आग्रह.

पुढचे पान ‘ज्ञा’चे आखले आहे. नो, कॉग्निशन, इग्नोर, डायग्नोसिस आणि अ‍ॅग्नॉस्टिक पेन्सिलीने मांडलेत. नोबल आणि नॅरेट हेही तिथलेच, फक्त लॅटिनमध्येच त्यांच्या सुरुवातीचा ‘ग’ गळून पडला. ‘नो’च्या स्पेलिंगमधला आज मुका असलेला ‘के’ एकेकाळी उच्चारला जाई, म्हणजे ग्रिमच्याच नियमाने ‘ग’चा ‘क’ होण्याची खूण तिथे अजून शाबूत आहे. कुणी ‘स्था’चे पान भरत असेल तर स्टँड, स्टेबल आणि ऑब्स्टॅकल यांच्यापलीकडचे काय सापडले ते जरूर कळवा, त्यानंतर मला तेच घ्यायचे आहे.