आठ नंबरवरचा खड्डा

“सात नंबरने मी १५५ यार्ड मारायचो. आरामात.”

बऱ्याच वर्षांनी गोल्फकडे परतलेला माणूस दुकानात आला की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. सात नंबर म्हणजे तोंडावर सात आकडा लिहिलेली गोल्फची काठी, म्हणजेच क्लब; नंबर जितका मोठा तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. यार्डांचा आकडा तेवढा बदलतो. मी वहीत लिहून घेतो. तरुणपणी मी किती भाकऱ्या खायचो हे सांगणाऱ्याशी कुणी वाद घालतं का? तसंच हे.

माझं दुकान म्हणजे येरवड्यातल्या एका गल्लीतला गाळा. पुढे ग्रिप (मुठीचं रबर), शाफ्ट (दांडे) आणि डेमोचे क्लब, मागे व्हाइस आणि लॉफ्ट (तोंडाचा तिरपेपणा) व लाय (दांडा जमिनीशी किती उभा) मोजून क्लब वाकवायचं मशीन, त्याच्याही मागे जाळी लावून चेंडू मारायची जागा. चेंडूचा वेग आणि पल्ला सांगणारा मॉनिटर सेकंडहँड आहे, पण खोटं बोलत नाही. माणसाला जुळेल असा क्लब बेतून द्यायच्या या कामाला ‘फिटिंग’ म्हणतात, त्यामुळे लोकांना सूट शिवायला आल्यासारखं वाटतं. माझ्या मते ते चपला दुरुस्तीच्या जास्त जवळचं आहे.

त्या दिवशी पाऊस होता म्हणून दुकानात दुसरं कुणी नव्हतं. साहेब चौसष्ट वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते, आता निवृत्त. मधे बदली झाली, मग मणक्याचं ऑपरेशन, आणि बॅग १९ वर्षं माळ्यावर. आता डॉक्टर म्हणतात चाला, बायको म्हणते घरात बसू नका. कोणते आयर्न, म्हणजे धातूच्या तोंडाचे नंबरवाले क्लब, घ्यायचे हे त्यांनी मोबाइलवर बघून ठरवलंसुद्धा होतं. जाहिरातीत म्हटलं होतं की हा सेट जुन्यापेक्षा एक-दोन क्लब लांब जातो.

जुना सेट बरोबर आणा, असं मी फोनवरच सांगितलं होतं. चेन उघडली तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मिझुनो कंपनीचे फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे ठोकून घडवलेले, सपाट पाठीचे जुन्या घाटाचे आयर्न, तीन नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या, उंच शॉटचा क्लब), शिवाय ५६ डिग्रीचा एक सँड वेज. शाफ्ट जड स्टीलचे, ‘स्टिफ’, म्हणजे कमी लवणारे. ग्रिप इतक्या कडक झालेल्या की नखाने टकटक वाजत होत्या. एकेक क्लब काढून फडक्याने पुसत होतो. आठ नंबर हातात आला आणि हात थांबला. क्लबच्या टाचेच्या बाजूला, म्हणजे दांड्याकडच्या टोकाला, मानेच्या खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा.

तो खड्डा मी पाडला होता.

मी पंधरा वर्षांचा असल्यापासून पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायचो. इथून चालत दहा मिनिटं. हे साहेब माझे रविवारचे ठरलेले. एकदा उतारावर पाय घसरला, बॅग दगडावर आपटली. फोर्ज्ड क्लबचं पोलाद मऊ असतं. त्यामुळे ते वाकवता येतं आणि त्याचमुळे त्याला खड्डाही पडतो, पण हे तेव्हा मला कुठे ठाऊक? मी घरी येऊन जेवलोच नाही. ठरलेला साहेब गेला म्हणजे रविवार गेला. पुढचे चार रविवार मी त्यांना आठ नंबर अशा कोनात देत होतो की खड्डा माझ्या तळव्याखाली राहील.

आता समोर तेच उभे होते. केस गेलेले, पोट आलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही आणि ओळखावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पोराला दाढी आली, चष्मा लागला. शिवाय कॅडीकडे बघतात ते चेंडू कुठे गेला हे विचारण्यापुरतं.

पण मला एक गोष्ट पक्की माहीत होती. सात नंबरने १५५? कधीच नाही. चांगला लागला तर १४०. ते अंतर मी पायांनी मोजलेलं आहे. जानेवारीत, सुकलेल्या फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, पाठीमागून वारा असताना एखादा घरंगळत १५५ ला गेलाही असेल. खेळणाऱ्याला तो एक शॉट आठवतो, कॅडीला बाकीचे.

मी काही बोललो नाही. आधी त्यांच्या जुन्या सातची ग्रिप बदलली. असल्या ग्रिपने मारलं तर क्लब जाळीबाहेर जायचा. कॉम्प्रेसरच्या हवेने चढवली की सुकायची वाट बघावी लागत नाही. क्लबच्या तोंडावर टाल्कम पावडर शिंपडली, म्हणजे चेंडू कुठे लागतो ते दिसतं. “मारा साहेब, दहा चेंडू.”

दोन वेळा चेंडूआधी मॅटच लागली. एक तर टाचेवर लागून कोपऱ्यातल्या बादलीत गेला. उरलेल्यांत क्लबचा वेग ताशी ७० मैलांच्या आसपास, पल्ला ११२ ते ११८ यार्ड. पावडरवरचे ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पसरलेले. साहेब स्क्रीनकडे बघत राहिले.

“मशीन बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे साहेब.”

ते स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. अशा वेळी फार बोलू नये, हे मी शिकलोय.

चहा झाल्यावर त्यांनी मोबाइलवर पाहिलेला तो नवा सात मी दिला. माणूस तोच, वेगही तोच. १३२. १३५. १३१. एक १३७. साहेबांचा चेहरा फुलला. “बघ! क्लबचाच प्रश्न होता.”

खरं सांगायचं तर तिथे मशीन बंद करून बिल फाडता आलं असतं. गाळ्याचं भाडं थकलेलं होतं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. एरवी मी काय केलं असतं कोण जाणे. त्या दिवशी टेबलावर तो आठ नंबर पडला होता.

मी दोन्ही सात मशीनमध्ये लावले आणि साहेबांनाच लॉफ्टचा कोन वाचायला सांगितलं. जुना साडेपस्तीस डिग्री. नवा साडेअठ्ठावीस. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग मी त्यांचा जुना पाच नंबर लावला. अठ्ठावीस.

“म्हणजे हा पाच नंबर आहे,” साहेब म्हणाले. “याच्यावर सात लिहिलंय एवढंच.”

फसवणूक म्हणावी असं ते नाही, आणि हेही मी त्यांना सांगितलं. नव्या क्लबांत वजन खाली आणि कडेला नेलेलं असतं, तोंडाचा पत्रा पातळ, त्यामुळे चेंडू सहज वर चढतो. तो फारच चढू नये म्हणून लॉफ्ट कमी करतात. लॉफ्ट कमी केला की पल्ला वाढतो आणि जाहिरात तयार होते. कडेला वजन का, हे मात्र साहेबांनीच मला समजावलं. टाच आणि टोकाकडे वजन असलं की मोमेंट ऑफ इनर्शिया वाढतो, चेंडू मधोमध लागला नाही तरी क्लब हातात कमी वळतो. मी सांगितलं की ही कल्पना रुजवणारा माणूस तुमच्यातलाच. पिंग कंपनीचे कार्स्टन सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर होते. १९५९ मध्ये पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचे क्लब, बनवायला लागले, १९६७ मध्ये नोकरी सोडली. साहेबांना हे ऐकून बरं वाटलं. इंजिनियरचं नाव निघालं की इंजिनियर सैल होतो.

रांगोळीचे ठिपके बघता साहेबांना ब्लेड नकोच होता. कडेला वजन असलेलाच क्लब हवा होता. प्रश्न लॉफ्टचा होता. साडेअठ्ठावीसच्या क्लबने त्यांचा चेंडू लांब जात होता, पण सपाट. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, उतरताना कोन ३८ डिग्रीचा. साधारण ४५ च्या जवळ आला तर चेंडू थांबतो. ३८ ने उतरलेला हिवाळ्यातल्या कडक ग्रीनवरून मागच्या गवतात जातो, आणि मग आपण म्हणतो, शॉट तर मस्त होता.

मी तिसरा सात काढला. लॉफ्ट ३१, तळ थोडा रुंद, शाफ्ट स्टीलचाच पण ९५ ग्रॅमचा. त्यांच्या जुन्या शाफ्टचं वजन १३० च्या आसपास होतं. ग्रॅफाइटही दाखवला, पण “तो म्हाताऱ्यांसाठी” म्हणून त्यांनी हातही लावला नाही. मी वयाचा विषय काढला नाही. या क्लबने चेंडू १२६ गेला, उतरायचा कोन ४३.

“सहा यार्ड कमी,” साहेब म्हणाले.

दोन तासांपूर्वी ११५ मारणारा माणूस १२६ वर नाराज होता! मी दोन्ही क्लबांचे दहा-दहा आकडे कागदावर शेजारी लिहून दिले. आधीच्याचे ११८ ते १३७. याचे १२१ ते १२९. साहेबांनी खिशातून पेन काढलं, दोन्ही ओळींखाली रेघ मारली आणि एकच शब्द म्हणाले, “टॉलरन्स.” माप किती इकडेतिकडे झालेलं चालतं, त्याला इंजिनियर हे म्हणतात. त्यानंतर लांबीचा विषय निघाला नाही.

बाकीचं पटकन झालं. तीन, चार, पाच नंबर घ्यायचे नाहीत, ७० मैलांच्या वेगाने ते चेंडू उचलतच नाहीत, त्यांच्या जागी दोन हायब्रिड, म्हणजे चेंडू सहज उचलणारे जाड डोक्याचे क्लब. आयर्न सहा ते पिचिंग, पाचच. मात्र नवा पिचिंग ४५ चा आणि सँड वेज ५६ चा, मधे ११ डिग्रीचं भगदाड. जुन्या सेटमध्ये ते आठ डिग्रीचं होतं. मधे एक ५० चा वेज लागणार. नवा सेट घेणारे बहुतेक जण हे विसरतात आणि ९० यार्डांवर उभे राहून डोकं खाजवतात.

शेवटी लाय. तळाला टेप लावून फळीवर मारायला सांगितलं. खूण टाचेकडे आली, म्हणजे क्लब त्यांच्यासाठी जास्त उभा आहे आणि चेंडू डावीकडे जाणार. सहज म्हणून जुना सातही तपासला. तिथे खूण टाचेच्या अगदी टोकाला. मशीनवर दोन डिग्री उभा निघाला. म्हणजे इतकी वर्षं साहेब मनगटाला दोष देत होते आणि दोष काठीत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “तरीच साहेब, तुमचा चेंडू कायम डावीकडच्या झाडांत! मी आधीच तिकडे जाऊन उभा राहायचो.”

गाळ्यात फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

“कोण उभा राहायचा?”

मग सांगावंच लागलं. नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान एका बाजूला केली. “अरे, तू तो! ते निळं जर्किन?” जर्किन त्यांनीच दिलेलं होतं, मला दोन साइज मोठं.

सांगायला सुरुवात केलीच होती, तर आठ नंबरचंही सांगून टाकलं. साहेबांनी क्लब उचलला, खड्ड्यात अंगठ्याचं नख घातलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला पुन्हा पंधरा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

“हे विमानात झालं असं मी समजत होतो,” ते म्हणाले. “बँकॉकला गेलो होतो ना. एअरलाइनला पत्र लिहिलं होतं मी. एक नाही, तीन.”

“मग?”

“मग काय. उत्तरच नाही. म्हटलं, काय बेजबाबदार लोक आहेत!”

आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारच्या सायकलवाल्याने डोकावून पाहिलं.

हसू ओसरल्यावर साहेबांनी कोटेशन मागितलं आणि घासाघीस सुरू केली. पूर्वीही हिशेब झाल्यावर असंच करायचे, फक्त तेव्हा शेवटी दहा रुपये जास्त द्यायचे. मी दोन हजार कमी केले. ते म्हणाले तीन, “पत्रांचं पोस्टेज धरून.” तीन केले. सहा ते पिचिंग आणि ५० चा वेज, लाय दीड डिग्री सपाट करून, तीन आठवड्यांनी मिळेल असं लिहून दिलं. हायब्रिड पुढच्या महिन्यात.

बॅग उचलताना त्यांनी आठ नंबर परत माझ्या हातात दिला. “याला पण नवी ग्रिप चढव. हा घरी राहील, गॅलरीत हलवायला.”

चढवली. तिचे पैसे मी लावले नाहीत, आणि साहेबांनी विचारलेही नाहीत.