झारीतला शुक्राचार्य

१९८८ च्या दहावीच्या तुकडीतले काही जण मला अजूनही नावाने हाक मारत नाहीत, 'झारीतला' म्हणतात. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यामागची हकीकत एकदा कागदावर येऊ दे.

आम्ही नववीत होतो. डिसेंबर १९८६ च्या स्नेहसंमेलनासाठी मराठीच्या सरांनी बळीराजा आणि वामनाचं संगीत नाटक लिहिलं होतं, त्यात मी शुक्राचार्य. जुन्या नाटक कंपन्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल दिली, म्हणजे आपापली वाक्यं, आपापलं पद आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द. सगळं नाटक होतं एकाच वहीत, आणि वही सरांच्या पिशवीत. बळी नदीपलीकडच्या गावचा, त्याची एसटी सव्वापाचला सुटायची. बळीची राणी विंध्यावली झालेल्या मुलीला शाळा सुटल्यावर थांबायची घरून परवानगी नव्हती. वामन तर पाचवीतला, तो खेळायला पळायचा. एकत्र तालीम शेवटच्या आठवड्यात घेऊ, असं ठरलं आणि त्याच आठवड्यात सर तापाने अंथरुणाला खिळले.

संमेलनाच्या दिवशी पेटी वाजवायला शिपाईमामांचे मामा आले. बुवांची सगळी हयात दशावतारात गेलेली. तालीमच झालेली नाही म्हटल्यावर ते हसले. "अरे, धयकाल्याक कोण तालीम करता? तुमी फकत कान उघडे ठेवा."

बोलले त्यात काही खोटं नव्हतं. धयकालो म्हणजे दशावताराचा खेळ; आपल्याकडे जत्रेत रात्रभर उभं राहणाऱ्या या नाटकाला लिहिलेली संहिता नसतेच. कुठलं आख्यान लावायचं ते त्या दिवशी ठरतं, रंगपटात तोंड रंगवता रंगवता कोणी काय करायचं ते सांगून होतं, आणि एका बाकड्यावर इंद्राची सभाही भरते आणि राक्षसाचा दरबारही. हे सगळं आम्ही गोधडीत गुरफटून, अर्धवट झोपेत पाहिलेलं होतं. पण पाहणं वेगळं. बुवांनी प्रयोगशाळेत आम्हाला उभं करून दहा मिनिटांत कथा सांगितली आणि प्रत्येकाला पदाची पहिली ओळ गुणगुणायला लावली. तिथेच घोळ कळला. घरी पेटी कोणाकडेच नव्हती, त्यामुळे प्रत्येकाची पट्टी, म्हणजे ज्या सुरावरून गायचं तो सूर, निराळी. बळीचा आवाज नुकताच फुटलेला, तो काळी एकच्या, म्हणजे पेटीतल्या पहिल्या काळ्या सुराच्या, वर जाईना. विंध्यावली काळी चारमध्ये गाणारी. आणि दोघांना एक पद मिळून म्हणायचं होतं! बुवा म्हणाले, "बघूया." बस्स, एवढंच.

पडदा उघडला. माझ्या नकलेत प्रवेशाची खूण होती बळीचे शब्द, "दान दिले". पण समोर गर्दी पाहून बळीच्या अंगात त्याच्या गावची सगळी जत्रा संचारली. नकलेतलं टाकून देऊन तो प्रल्हादापासून आपल्या कुळाचा महिमा सांगत सुटला. लोक टाळ्या देत होते आणि मी कापसाची दाढी सांभाळत विंगेत उभा. "दान दिले" काही येईना. शेवटी बुवांनीच माझ्या पदाचा पहिला सूर धरला आणि तो सोडलाच नाही, बळीचं बोलणं संपेपर्यंत. मी त्या सुरामागोमाग आत गेलो.

पहिली ओळ म्हटली, दुसरी गेली. पार गेली. बळीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गुरुदेव, कंठ का दाटला? या बटूत आपल्याला काय दिसलं?" मग काय, मला त्या बटूत जे जे दिसलं ते मी सांगितलं, साध्या घरच्या भाषेत.

दोघांचं पद मात्र आजही कानात आहे. बळीची ओळ संपली तसे बुवांनी मध्ये तीन-चार स्वर असे काही वळवले की विंध्यावली न अडखळता काळी तीनवरून उठली. बळीचा मध्यम (म) तिचा षड्ज (सा) झाला, हे गणित मला पुढे गाणं शिकताना उमगलं. त्या रात्री वाटलं होतं, यांची गुपचूप तालीम झालेली दिसते.

झारी म्हणून शिक्षकांच्या खोलीतली चहाची किटली होती. ती धरून मी बाकड्याआड बसलो. वामनाला दर्भ कोणी दिलाच नव्हता. पोरगं हुशार, त्याने खडूच किटलीच्या तोटीत खुपसला. मी डोळा धरून ओरडलो आणि उठताना दाढी बाकड्याच्या खिळ्याला अडकून तिथेच राहिली. त्यापुढे हशा एवढा झाला की तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर कधी पडलं ते मागच्यांना दिसलंही नसेल.

सर आले होते. कानटोपी, शाल, मांडीवर वही, शेवटच्या रांगेत. नंतर पाया पडायला गेलो तर म्हणाले, "दुसऱ्या पानानंतर मिटली रे मी वही."

माझ्या नकलेत शेवटी बळीचा निरोप घेणारी चार वाक्यं होती. ती म्हणायची राहूनच गेली. अजून पाठ आहेत.