जाळी, कठडे आणि दुप्पट पिक्सेल: इमारतींच्या संकेतस्थळाची प्रगती-नोंद

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक आणि पश्चिमेला आर्ट डेको अशा ज्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांच्या तपशिलांची छायाचित्रे मांडणारे माझे छोटे संकेतस्थळ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. सध्या त्यावर एकच काम चालू आहे. नव्या फोनच्या दाट स्क्रीनवर कठड्याची प्रत्येक पट्टी रेखीव दिसावी आणि तरीही पान उघडताना वाचकाला ताटकळत बसावे लागू नये. विषयच असा आहे की कोणतीही तडजोड लगेच उघडी पडते, कारण दगडी कोरीवकाम, लोखंडी जाळ्या आणि बारीक कठडे यांच्या चित्रांचे आकुंचन करणे, म्हणजे फाइलीचे वजन घटवणे, सर्वांत अवघड असते. मोकळ्या आकाशाच्या चित्रापेक्षा तेवढ्याच आकाराच्या जाळीच्या चित्राची फाइल कितीतरी जड होते.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक असल्याने थोडक्यातच मांडतो. २०१० मध्ये ॲपलने आयफोन ४ आणला तेव्हा ३२० बाय ४८० च्या जागेत प्रत्यक्षात ६४० बाय ९६० पिक्सेल बसवले आणि तेव्हापासून सीएसएसचा, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा, पिक्सेल व स्क्रीनचा खरा पिक्सेल यांची फारकत झाली. घनता, म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत बसणाऱ्या खऱ्या पिक्सेलांची संख्या, दुप्पट झाली की चित्रातील पिक्सेल चौपट होतात आणि तिप्पट झाली की नऊपट. आज हातातल्या बहुतेक चांगल्या फोनची घनता तीन किंवा तिच्या आसपास असते. म्हणजे सर्वांत अशक्त जोडणीवर चालणाऱ्या यंत्राला आपण सर्वांत जड फाइल पाठवत असतो, हा या सगळ्या प्रकरणातला मूळ विरोधाभास आहे.

माझा निर्णय असा, की दुपटीपेक्षा अधिक घनतेसाठी वेगळी फाइल द्यायची नाही. हातभर अंतरावरून फोन पाहताना दुप्पट आणि तिप्पट यांतील फरक छायाचित्रात जवळजवळ जाणवत नाही, आणि ट्विटरनेही २०१९ मध्ये दुपटीवरच मर्यादा घातली होती. मात्र हा निर्णय ब्राउझरच्या गळी उतरवणे वाटते तितके सोपे नाही. सोर्ससेटमध्ये, म्हणजे एकाच चित्राच्या लहानमोठ्या फाइलींच्या यादीत, आपण फाइलींच्या रुंदी लिहून दिल्या की ब्राउझर साइझेसमधील (पानावर चित्र किती रुंद दिसेल हे सांगणाऱ्या ओळीतील) रुंदीला स्क्रीनच्या घनतेने गुणतो आणि त्याच्या जवळची फाइल उचलतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या आणि तिप्पट घनतेच्या फोनवर हा गुणाकार १०८० येतो, त्यामुळे ४८०, ८००, १२०० आणि १६०० या माझ्या चार पायऱ्यांपैकी १२०० ची फाइल उचलली जाते. मला तिथे ८०० ची हवी होती.

यावर तोडगा आहे तो साइझेसमध्ये ब्राउझरला मुद्दाम कमी रुंदी सांगण्याचा. पिक्चर घटकात (अटीनुसार वेगवेगळ्या फाइली देणाऱ्या एचटीएमएल रचनेत) २.५ किंवा अधिक घनतेसाठी एक स्वतंत्र सोर्स ठेवायचा आणि त्यात चित्राची रुंदी पूर्ण १०० व्हीडब्ल्यू न सांगता ६७ व्हीडब्ल्यू सांगायची (एक व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग). ३६० चे ६७ टक्के सुमारे २४१, त्याच्या तिप्पट ७२३, आणि ब्राउझर निमूटपणे ८०० ची फाइल घेतो. १२०० बाय ८०० ऐवजी ८०० बाय ५३३ म्हणजे पिक्सेल निम्म्याहूनही कमी. यात एक बारीक खाच आहे. रुंदीच्या वर्णनासह सोर्ससेट वापरला की चित्राची नैसर्गिक रुंदी ब्राउझर साइझेसवरूनच ठरवतो, त्यामुळे सीएसएसमध्ये चित्राची रुंदी १०० टक्के असे स्पष्ट लिहिले नसेल तर चित्र स्क्रीनच्या दोन-तृतीयांश भागातच उमटते आणि उजवीकडे मोकळी जागा राहते. जुन्या आयफोनचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की घनतेची ही प्रमाणित अट सफारीला आवृत्ती १६ पासूनच कळते.

या मांडणीचा आणखी एक लाभ झाला. साध्या स्क्रीनच्या संगणकावर माझा मजकुराचा स्तंभ ७२० पिक्सेलचा असल्याने तिथेही हीच ८०० ची फाइल चालते. साइझेस न लिहिल्यास ब्राउझर चित्र पूर्ण खिडकीएवढे रुंद आहे असे गृहीत धरतो, आणि मग रुंद मॉनिटरवर दोन स्तंभांत बसणाऱ्या ३५० पिक्सेलच्या चित्रासाठीही सर्वांत मोठी फाइल मागवली जाते. नवीन फाइल-प्रकारांचा गाजावाजा पुष्कळ होतो, परंतु माझ्या पानांचे वजन सर्वाधिक उतरले ते साइझेसची ही एक ओळ पानाच्या मांडणीनुसार नेटकी लिहिल्याने, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकुंचन करताना निवडायचा दर्जाचा आकडा. दाट स्क्रीनसाठीची फाइल आकाराने मोठी असली तरी तिचा दर्जा खाली आणता येतो, कारण जेपेगच्या ८ बाय ८ च्या चौकटी स्क्रीनवर निम्म्या मापाने उमटतात आणि त्यांच्या कडांचे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. वेबपी या नव्या फाइल-प्रकारात ८०० च्या फाइलीला मी ७५ आणि १६०० च्या फाइलीला ६० ठेवतो. हे आकडे एव्हिफ या दुसऱ्या नव्या प्रकाराला जसेच्या तसे लावू नयेत. प्रत्येक एन्कोडरची (चित्राची आकुंचित फाइल बनवणाऱ्या प्रणालीची) मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे तिथे डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो चर्चगेट स्थानकासमोरच्या इरॉस सिनेमाने. १९३८ च्या या इमारतीवर लाल आग्रा वालुकाश्म आणि फिकट मलईसारखा रंग एकमेकांना खेटून आहेत, आणि त्या सीमारेषेवर वेबपीच्या चित्रात लाल रंग किंचित ओघळल्यासारखा दिसत होता. कारण असे की काही तपशील गाळून आकुंचन करणारे (लॉसी) वेबपी रंगाची माहिती नेहमीच निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवते. उजेडाची रेघ धारदार राहते, पण रंगाची पसरते. दर्जा ९० पर्यंत चढवूनही ही पसरट कड जात नाही, कारण दोष आकुंचनाच्या प्रमाणात नसून रंगाच्या मापात आहे. एन्कोडरमधील शार्प वायूव्ही हा पर्याय लावल्यावर कड बरीच सावरली. एव्हिफमध्ये रंग पूर्ण मापात ठेवण्याची सोय असल्याने लाल-पांढऱ्या सीमारेषांची चित्रे मी त्यातच ठेवली आहेत. गंमत म्हणजे दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर हा दोष आपोआपच लपतो, कारण निम्म्या मापातील रंगही तिथे सीएसएसच्या पूर्ण पिक्सेलएवढा भरतो. तो ठळक दिसतो तो कार्यालयांतल्या जुन्या मॉनिटरवर.

राजाबाई टॉवरची अडचण याच्या उलट आहे. कुर्ल्याच्या पिवळसर दगडातील त्याचे कोरीवकाम एव्हिफ सुरेख सांभाळते, पण मनोऱ्यामागच्या पावसाळी करड्या आकाशात कमी दर्जाला ढगांऐवजी सपाट ठिगळे उमटतात. ज्या चित्रांत निम्म्याहून अधिक आकाश आहे त्यांचा दर्जा मी वेगळा आणि थोडा वरचा ठेवतो. अशा चित्रांच्या फाइली मुळातच लहान असतात, त्यामुळे तेवढी चैन परवडते.

जाळ्यांच्या बाबतीत चित्र लहान करण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. घाईघाईने पिक्सेल वगळून लहान केलेल्या चित्रात समांतर पट्ट्यांवर लाटांसारखी खोटी नक्षी उमटते; शेजारच्या अनेक पिक्सेलांचा मेळ घालणारी लँक्झोस गाळणी वापरली की ती बरीच आटोक्यात येते. लहान केल्यानंतर चित्राला जी धार देतात ती मोठ्या फाइलीसाठी जवळजवळ बंद केली आहे, कारण दाट स्क्रीनला तिची गरज नसते आणि फाइल मात्र फुगते.

इमारतींची रेखाचित्रे एसव्हीजीमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी बिंदू व रेषांचे वर्णन साठवणाऱ्या प्रकारात, आहेत. एकच फाइल सर्व घनतांना पुरते. त्यांतील बिंदूंच्या दशांश स्थळांची संख्या कमी केली की वजनही घटते. मराठी शीर्षके चित्रात घालण्याची, फॉन्टच्या जुन्या दिवसांत पडलेली सवय अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, तिच्याबद्दल जाता जाता एवढेच सांगतो, की आकुंचनाचा पहिला घाव रफारावर आणि अनुस्वारावर बसतो. शीर्षक मजकूर म्हणूनच लिहावे.

पानावरचे सर्वांत वरचे छायाचित्र लेझी लोडिंगमधून (चित्र नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत न उतरवण्याच्या सोयीतून) वगळून त्याला अग्रक्रम दिला आहे, कारण गूगलच्या निकषाप्रमाणे पानातील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. प्रत्येक चित्राला रुंदी व उंची लिहिली आहे, त्यामुळे वाचताना मजकूर खाली घसरत नाही. ब्राउझरमधील कृत्रिम मंद जोडणीपेक्षा संध्याकाळच्या गर्दीतली विरार लोकल ही अधिक कठोर परीक्षक आहे. डब्यातले सगळेच फोन एकाच मोबाइल टॉवरशी झुंजत असतात. तिथे आता दादर सुटताना उघडलेल्या पानाचे पहिले छायाचित्र मजकुराच्या पाठोपाठ येते.

ज्यांना कोरीवकाम दोन बोटांनी मोठे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी ८०० ची फाइल अपुरी आहे हे उघड आहे. म्हणून चित्रावर टिचकी मारल्यावरच २४०० ची फाइल स्वतंत्रपणे उघडते. ती आपोआप उतरवू नये याला डेटाखेरीज आणखी एक कारण आहे: फाइल कितीही लहान असली तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, त्यामुळे २४०० बाय १६०० चे एकच चित्र फोनच्या स्मृतीत सुमारे १५ एमबी जागा अडवते आणि अशी दहा-बारा चित्रे एका पानावर आली की स्वस्त फोन अडखळू लागतात.

मरीन ड्राइव्हच्या सलग दर्शनी भागांची रुंद चित्रे अजून या साच्यात बसलेली नाहीत. उभ्या फोनवर ती नुसती लहान केली तर बाल्कन्या रेघोट्यांएवढ्या होतात, त्यामुळे फोनसाठी वेगळी कातरलेली आवृत्ती पिक्चर घटकातूनच द्यावी लागेल. प्रत्येक इमारतीचा कोणता भाग ठेवायचा हे हाताने ठरवण्याचे काम सध्या चालू आहे.